बऱ्याच वर्षांनी परत रेट्रो गेम जमवायला लागताय? आधी माळा, मग बाजार

प्रश्न साधारण असा आहे: लहानपणी कॅसेटवाला टीव्ही गेम, कॉलेजात सोनीची पीएस२ (प्लेस्टेशन २) आणि निन्टेंडोचा हातात धरायचा गेमबॉय ॲडव्हान्स, २०१०-१२ पर्यंत बऱ्यापैकी कलेक्शन, मग नोकरी, लग्न, घर बदलणं, अर्धं विकलं, उरलेलं आईकडे माळ्यावर. आता परत सुरू करायचंय पण किमती बघून डोकं फिरलंय, आणि सगळं मोबाईलवर चालत असताना या डब्यांना काही अर्थ आहे का हेही कळत नाहीये.

मी जमवतो पण आणि लोकांची मशीन उघडून दुरुस्त पण करतो, त्यामुळे उत्तर लांब होणार. सुरुवातीलाच सांगतो, अजून काहीही विकत घेऊ नका. पहिला महिना-दीड महिना फक्त माळ्यावरचा खोका. परत येणारी माणसं हमखास काय करतात तर रात्री अकराला फोनवर बघत बघत तीन गोष्टी मागवतात आणि मग कळतं की त्यातली एक आपल्याकडे आधीपासूनच होती, फक्त बंद पडली होती.

खोका उघडला की पहिले सेल बघा. गेमबॉयमध्ये, रिमोटमध्ये, बंदुकीत, त्या टेट्रिसवाल्या ब्रिक गेममध्ये, कुठेही राहिलेले सेल फुटलेले असणार हे गृहीतच धरा. पांढरी-हिरवी पावडर दिसली आणि सेल अल्कलाइन असेल तर इअरबडवर व्हिनेगर, आपले साधे झिंक कार्बनवाले सेल असतील तर खायचा सोडा पाण्यात कालवून, आणि शेवटी दोन्हीकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला दुकानात आयपीए म्हणून मागायचं. पीएसपी (सोनीचा हातात धरायचा गेम) असेल तर बॅटरी लगेच बाहेर काढा, त्या बॅटऱ्या इतक्या वर्षांत फुगतात आणि मागचं झाकण वर ढकलतात. फुगलेली बॅटरी टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज करून बघायची तर अजिबात नाही, सरळ ई-कचऱ्यात.

मग वायरी. आपल्या घरांत एक सवय आहे, वस्तू ठेवून देताना तिचीच वायर तिच्याभोवती गच्च गुंडाळायची. या वायरीच्या पीव्हीसीमध्ये मऊपणासाठी जे तेलकट रसायन असतं ते वर्षानुवर्षं टेकून राहिलं की कन्सोलच्या, म्हणजे गेमच्या मशीनच्या, प्लॅस्टिकमध्ये उतरतं आणि वायरीचा ठसा वितळल्यासारखा कायमचा बसतो. तो जात नाही. अजून झालं नसेल तर आजच सोडवा, वायरी वेगळ्या पिशवीत. आणि आईने प्रेमाने डांबरगोळ्या टाकल्या असतील तर त्याही काढा, काही प्लॅस्टिक त्या वाफेने चिकट होतं.

आता अडॅप्टर, आणि इथे जरा थांबतो कारण माझ्याकडे मेलेली म्हणून येणारी बरीच मशीन इथेच मेलेली असतात. जुन्या कॅसेटवाल्या गेमला साधारण ९ व्होल्ट डीसी लागतं आणि बहुतेकांत आतली पिन निगेटिव्ह असते. घरात आज जे अडॅप्टर पडलेले असतात ते राउटरचे, आणि त्यांची आतली पिन पॉझिटिव्ह. जॅक मात्र आरामात बसतो. मूळ अडॅप्टर सापडत नाही म्हणून राउटरचा लावला, एक सेकंद लाल लाइट आली नाही आली, आणि वास. त्यामुळे साधा मल्टीमीटर घ्या, टोकाला लावून बघा. मूळ जड ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर सापडला आणि त्यावर ९ लिहिलंय पण मीटर १२-१३ दाखवतोय तर घाबरू नका, लोड नसताना तो तसंच दाखवतो, आत ७८०५ नावाचा रेग्युलेटर असतो तो त्याचे पाच करतो. अजून एक, अमेरिकेतल्या नातेवाइकाने दिलेला मूळ निन्टेंडो एनईएसचा अडॅप्टर असेल तर त्यातून डीसी नाही, एसी निघतो. तो आपल्या क्लोनला, म्हणजे मूळ मशीनची नक्कल असलेल्या इथल्या कॅसेटवाल्या गेमला, कधीच लावायचा नाही.

कॅसेट चालत नसेल तर फुंकर मारायची नाही. फुंकरेने चालते असं वाटतं कारण आपण काढून परत लावतो, आणि पिना घासल्या जातात. थुंकीच्या वाफेने उलट हळूहळू गंजतात. आयपीए आणि इअरबड, काळं येणं थांबेपर्यंत. जास्तच गंज असेल तर पांढरा खोडरबर, हलक्या हाताने. निन्टेंडोच्या मूळ कॅसेटला साधा स्क्रू नसतो, ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास स्क्रूड्रायव्हर लागतो, गेमबॉय ॲडव्हान्सला तीन पाकळ्यांचा ट्रायविंग. दोन्ही ऑनलाइन मिळतात. एवढं झालं की तुम्हाला कळेल की तुमच्याकडे खरंच काय आहे.

आता मधल्या काळात काय बदललं. किमती वाढल्या, २०२०-२१ मध्ये लोक घरात अडकले तेव्हा जास्तच. जुलै २०२१ मध्ये सुपर मारिओ ६४ ची सीलबंद, ग्रेड केलेली (दर्जा तपासून गुण दिलेली) कॉपी अमेरिकेत लिलावात १५ लाख ६० हजार डॉलरला गेली, आणि हा गेम जगभर एक कोटीच्या वर खपलेला आहे म्हणजे दुर्मिळ वगैरे काही नाही. हा खेळ वेगळा आहे, तो पैशाचा खेळ आहे, त्यात शिरू नका. पण त्या बातम्यांनी झालं काय, आपल्याकडचा माणूस पण भंगारातली कॅसेट उचलून 'रेअर व्हिंटेज' लिहून दहा पट मागायला लागला. मागितलेली किंमत ही किंमत नसते, विकली गेलेली किंमत बघायची. ईबेवर विकलेल्या वस्तूंचं फिल्टर असतं, आणि आपल्याकडच्या ग्रुपमध्ये जुन्या पोस्ट खाली जाऊन बघितल्या तर कितीला गेलं ते बऱ्याचदा लिहिलेलं असतं.

दुसरा बदल म्हणजे खेळायला आता जुनं मशीन लागतच नाही. मियू मिनी, ॲनबर्निकसारखे हातात मावणारे चिनी डबे आहेत, एव्हरड्राइव्हसारख्या कॅसेट आहेत ज्यात एसडी कार्ड जातं, मिस्टर नावाचा एफपीजीएवाला (जुन्या चिपसारखी वागायला लावता येणाऱ्या चिपचा) प्रकार आहे, आयफोनवर पण एप्रिल २०२४ पासून इम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करणारी ॲप) अधिकृतपणे मिळतात. हे वाईट आहे असं मला अजिबात वाटत नाही, मी स्वतः प्रवासात तेच वापरतो. उलट यामुळे जमवणाऱ्याचं ओझं उतरलंय, खेळायला मिळावं म्हणून महाग कॅसेट घ्यायची गरज संपली. मग जमवायचं काय, तर जे इम्युलेटरमध्ये मिळत नाही ते.

आणि इथे माझं ठाम मत आहे. परत येणारा माणूस यूट्यूबवर अमेरिकन लोकांच्या याद्या बघतो, सुपर निन्टेंडोचे टॉप शंभर, निन्टेंडो ६४ चे पन्नास, आणि ते आपलंच बालपण आहे असं त्याला वाटायला लागतं. अहो किती जणांकडे होता इथे सुपर निन्टेंडो? सेगा मेगा ड्राइव्ह १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीने इथे आणला तो १८,००० रुपयांना, तेव्हा तेवढ्या पैशांत घरात काय काय आलं असतं. आपल्या चाळीतल्या, सोसायटीतल्या पोरांनी खेळला तो फॅमिकॉमचा, म्हणजे निन्टेंडोच्या जपानी मशीनचा, क्लोन. सामुराई, लिटल मास्टर आणि कुठलंच धड नाव नसलेले असंख्य. गंमत बघा, या वस्तूंची बाहेर कुणी नीट नोंद ठेवलेली नाही आणि आपल्याकडे त्या रोज भंगारात जातायत. जमवायच्या तर या.

हे क्लोन नुसती स्वस्त नक्कल होती असं समजू नका, त्यांच्यातही दर्जाचे थर आहेत. सुरुवातीच्या मशीनमध्ये बोर्डवर वेगवेगळ्या चिप असायच्या, बऱ्याचदा तैवानच्या यूएमसी कंपनीच्या, यूए६५२७ आणि यूए६५३८ अशा नंबरांच्या, एक प्रोसेसर आणि एक चित्राची. नंतरच्या स्वस्त मशीनमध्ये सगळं एकाच चिपमध्ये आणि वर काळ्या इपॉक्सीचा गोळा. गोळावाल्यात रंग आणि आवाज बरेचदा गंडलेले असतात, बिघडला तर दुरुस्ती जवळपास नाही. घेताना उघडून बघू द्या म्हणा, आत सुट्या चिप दिसल्या तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

एक गोष्ट आहे जी सांगितली की लोकांचा विश्वास बसत नाही. तुम्ही इम्युलेटरवर मारिओ लावला आणि वाटलं की हा जरा जास्तच पळतोय, गाणंही घाईत वाजतंय, तर तुमची आठवण चुकत नाहीये. मूळ जपानी-अमेरिकन मशीन सेकंदाला ६० फ्रेम दाखवायची, आपला टीव्ही पॅल पद्धतीचा, ५० चा, म्हणून आपल्याकडचे बहुतेक क्लोन ५० वर चालायचे. प्रोसेसर जवळपास तेवढ्याच वेगाचा, त्यामुळे सूर जवळजवळ तोच राहायचा पण चाल फ्रेमवर बांधलेली, म्हणून ती सहातला एक हिस्सा संथ. हेच रशियात १९९२ पासून विकल्या गेलेल्या डेंडी नावाच्या क्लोनमध्ये होतं, म्हणून एफसीईयूएक्स किंवा मेसेन इम्युलेटरमध्ये रीजनच्या जागी 'डेंडी' असा पर्याय असतो. तो लावा आणि पहिल्या लेव्हलचं गाणं ऐका. शिवाय काही यूएमसी चिपमध्ये आवाजाच्या दोन छटांची अदलाबदल झालेली असते, त्यामुळे तोच गेम जरा वेगळाच वाजतो. म्हणजे आपण जो मारिओ खेळलो तो जपानमधल्या पोराने ऐकलेलाच नाही.

आणि त्या ९९९९९९ इन १ कॅसेट. आत खरे गेम दहा-वीस, बाकी त्याच गेमची चौथी लेव्हल, सातवी लेव्हल, रंग बदललेला, कॉन्ट्रा तीस लाइफवाला. लेबलवर चित्र भलत्याच गेमचं. लहानपणी फसवणूक वाटायची पण जमवायच्या दृष्टीने हा खजिना आहे, कारण असा मेनू, ही यादी, हे मेनूमधलं संगीत कुणीतरी तिकडे कारखान्यात बसून बनवलंय आणि त्यातल्या कितीतरी कॅसेट अजून कुणी डंप केलेल्याच नाहीत. डंप म्हणजे आतला डेटा वाचून फाइल करून ठेवणं. सानी कार्ट रीडर नावाचं ओपन सोर्स यंत्र आहे, थोडं सोल्डरिंग येत असेल तर घरी बनवता येतं. ते नाही जमलं तरी लेबलचा, बोर्डच्या दोन्ही बाजूंचा आणि मेनूचा फोटो काढून ठेवा, एवढंसुद्धा पुष्कळ काम आहे.

तांत्रिक सोयही आहे यात. आपल्या कॅसेटला ६० पिना, जपानी फॅमिकॉमलाही ६०, त्यामुळे मूळ जपानी कॅसेट आपल्या क्लोनमध्ये बहुतेक वेळा सरळ चालतात. अमेरिकन एनईएसच्या ७२ पिनांच्या, त्या बसणार नाहीत. पुण्या-मुंबईचे इतके लोक आयटीसाठी तोक्योला असतात, कुणीतरी ओळखीचं निघतंच, त्याला हार्ड-ऑफसारख्या दुकानातल्या जंकच्या टोपल्या धुंडाळायला सांगा, बेसबॉल आणि माहजोंगचे गेम काही शे येनमध्ये मिळतात. फक्त त्याला कन्सोल आणायला सांगाल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, तिकडचा पीएस वन किंवा पीएस२ आपल्या २३० च्या सॉकेटला लावला तर जळू शकतो, स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. आणि जुना लाल-पांढरा फॅमिकॉम फक्त आरएफवर (टीव्हीच्या अँटेनाच्या सॉकेटवर) चालतो, त्याचं जपानी चॅनल आपल्या टीव्हीवर सहसा ट्यूनच होत नाही, त्याला एव्ही मॉड (आत बदल करून एव्ही वायरीचं आउटपुट काढणं) करावं लागतं. दुबई-मस्कतहून आलेली मशीन बरी, तिकडे वीज आपल्यासारखीच.

कुरिअरने बाहेरून मागवत असाल तर ड्युटी आणि त्यावर जीएसटी धरूनच हिशोब करा. व्हिडिओ गेमची मशीन बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) सक्तीच्या नोंदणीच्या यादीत आहेत त्यामुळे कन्सोलचं पार्सल अडकू शकतं, सुट्या कॅसेटचा त्रास त्या मानाने कमी.

पीएस२ बद्दल वेगळं सांगतो कारण तुमच्याकडे ती आहे. मशीन जगात १५ कोटींच्या वर विकलं गेलंय, कधीही मिळेल, घाई नको. लेझर जात असेल तर फ्रीमॅकबूट (पीएस२ वर बाहेरचं सॉफ्टवेअर चालू करणारा प्रोग्राम) टाकलेलं मेमरी कार्ड घ्या आणि आपल्याच डिस्कची कॉपी यूएसबी किंवा नेटवर्कवरून चालवा. शेवटच्या ९०००० सिरीजच्या बऱ्याच मशीनवर मात्र ते चालत नाही, खालचं लेबल बघूनच कार्ड घ्या. पण जमवायचं असेल तर भारतीय डिस्क. आपण सगळे मॉडचिप (कॉपी डिस्क चालू देणारी चिप) आणि कॉपी डिस्कवर वाढलो, त्यामुळे इथे अस्सल डिस्क मुळात कमी घरांत गेल्या. २००९ चा हनुमान: बॉय वॉरियर, हैदराबादला बनलेला, भारतात बनलेला पहिला पीएस२ गेम, त्याच वर्षीचा देसी अड्डा, ज्यात कबड्डी आणि पतंग आहेत, मग स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स, २०११ चा रा.वन. खेळायला हे फार भारी आहेत असं मी म्हणणार नाही, हनुमान तर खरंच कंटाळवाणा आहे, पण जगात दुसरीकडे कुठे फारसे गेलेच नाहीत. रुपयातल्या एमआरपीचं स्टिकर असलेली केस मिळाली तर ते स्टिकर खरवडू नका, तेच तर हवंय.

गेमबॉय ॲडव्हान्सचे पोकेमॉन, इथे नकली माल प्रचंड. फायररेड आणि लीफग्रीनच्या अस्सल कॅसेटमध्ये सेल नसतोच, उघडल्यावर सेल दिसला तर नकली. रूबी, सफायर, एमराल्डमध्ये सीआर१६१६ हा बटणसेल असतो पण तो फक्त घड्याळासाठी, सेव्ह वेगळं राहतं, त्यामुळे 'सेल संपला म्हणून सेव्ह होत नाही' असं विकणारा म्हणाला तर निघा तिथून. अस्सल लेबलवर दाबून उमटवलेला दोन आकडी नंबर तिरक्या उजेडात दिसतो. गेमबॉय कलरच्या गोल्ड-सिल्व्हरमध्ये मात्र सेव्हसुद्धा सीआर२०२५ वर असतं, तुमचे तेव्हाचे पोकेमॉन बहुतेक गेले, वाईट वाटून घेऊ नका, टॅबवाला नवा सेल सोल्डर केला की कॅसेट चालेल.

शोधायचं कुठे? पुण्यात जुना बाजार, बुधवार आणि रविवार, सकाळी लवकर. मुंबईत चोर बाजार, पण तिथे आता लोकांना भाव कळलेत. दुरुस्तीच्या सामानाला लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यात तपकीर गल्ली. पण खरी वस्तू बाजारात नाही, सोसायटीत आहे. रीडेव्हलपमेंटला गेलेली बिल्डिंग, दिवाळीची साफसफाई, आणि तालुक्याच्या गावातलं एखादं जुनं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान ज्याच्या पोटमाळ्यावर न विकलेला माल तसाच पडलाय. नेहमीच्या भंगारवाल्याला एकदा कॅसेट दाखवून ठेवा आणि सांगा असं काही आलं की फोन कर, वजनाच्या भावाच्या वर देईन. ऑनलाइन अनोळखी माणसाला पूर्ण पैसे आधी द्यायचे नाहीत, चालू असल्याचा व्हिडिओ मागायचा आणि त्यात आजची तारीख लिहिलेला कागद ठेवायला सांगायचा.

टीव्हीचा विषय टाळता येत नाही. डकहंटची बंदूक एलसीडी-एलईडीवर चालत नाही, ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या चित्र रंगवायच्या पद्धतीवरच बेतलेली आहे. १४ किंवा २१ इंची ट्यूबवाला टीव्ही लोक अजून फुकटात देतात, न्यायला या म्हणतात, शेवटच्या काळातले फ्लॅट ट्यूबवाले बघा, काहींना कॉम्पोनंट इनपुट असतं, बहुतेक टीव्ही एनटीएससी (जपानी-अमेरिकन ६० वाला सिग्नल) पण घेतात. मागचं झाकण स्वतः उघडू नका, बंद असला तरी ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात. त्यासाठी जुना टीव्ही मेकॅनिक शोधून ठेवा, हे लोक आता कमी होत चाललेत. ट्यूबला जागाच नसेल तर स्वस्त एव्ही टू एचडीएमआय डबी चालेल, पण उडी मारायला उशीर होतोय असं वाटेल. टीव्हीला गेम मोड लावा, आणि पुढे मागे जमलं तर रेट्रोटिंक (जुन्या मशीनचं चित्र फारसा उशीर न करता नव्या टीव्हीला देणारी डबी) घ्या.

ठेवायचं कसं हे परदेशी लोक सांगत नाहीत कारण त्यांच्याकडे जून ते सप्टेंबर आपल्यासारखा नसतो. कोकणात किंवा मुंबईत उघड्या शेल्फवर ओळीने लावलेलं कलेक्शन फोटोत छान दिसतं आणि दोन पावसाळ्यांत लेबलवर बुरशीचे ठिपके येतात, कागदाला कसर लागते, रिमोटचं रबरी कोटिंग चिकट होतं. हवाबंद प्लॅस्टिकचे डबे, आत सिलिका जेल, निळं ते गुलाबी झालं की मंद आचेवर भाजून परत वापरायचं. प्रत्येक कॅसेट झिपलॉकमध्ये, पण कोरड्या दिवशी बंद केलेली, भर पावसात पिशवी बंद केली तर दमटपणा आतच कोंडतो. पत्र्याखालचा माळा नको, मे महिन्यात तिथे गोंद वितळतो. पिवळं पडलेलं प्लॅस्टिक पेरॉक्साइड आणि उन्हाने पांढरं करायचे व्हिडिओ दिसतील, करू नका असं माझं मत, ते परत पिवळं पडतं आणि चुकलं तर डाग पडतात. वर्षातून दोनदा, मेच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, सगळं बाहेर काढून प्रत्येक मशीन अर्धा तास चालवा, आणि त्याच वेळी वहीत किंवा शीटमध्ये काय आहे, कुठून आलं, कितीला घेतलं, काय बदललं हे लिहून ठेवा. ही यादी फोनमध्येही ठेवा म्हणजे जुन्या बाजारात उभं असताना 'हे आपल्याकडे आहे का' याचं उत्तर तिथल्या तिथे मिळेल.